बीपी, शुगर, हार्ट, कॅन्सर, दमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारतं, कधी फोनवर, कधी मेसेजमधून, म्हणून एकदा सगळी उत्तरं नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. पण घरात बीपीचा आजार जवळून पाहिलाय आणि त्यानंतर बरंच वाचलंय, विचारलंय. तुमच्या औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा, इथे फक्त समजून घ्यायला मदत होईल एवढंच.

असंसर्गजन्य आजार म्हणजे नेमके कुठले?

एकाचा दुसऱ्याला लागत नाहीत आणि वर्षानुवर्षं सोबत राहतात ते. जागतिक आरोग्य संघटना मुख्य चार गट धरते: हार्ट अटॅक आणि स्ट्रोक (पक्षाघात) यांसारखे हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार, कॅन्सर, दमा आणि सीओपीडीसारखे श्वासाचे जुनाट आजार, आणि डायबेटीस. मानसिक आजार, किडनीचे आजार यांचाही याच्याशी जवळचा संबंध आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून यांना एनसीडी म्हणतात, बातम्यांमध्ये तो शब्द दिसला तर हेच समजायचं.

हे खरंच एवढं मोठं आहे का, की उगाच घाबरवतात?

मोठंच आहे. २०२१ मध्ये जगभरात निदान ४ कोटी ३० लाख माणसं या आजारांनी गेली, कोविडचे मृत्यू बाजूला ठेवले तर जगात त्या वर्षी जेवढे मृत्यू झाले त्यातले चारातले तीन. त्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार सगळ्यात वर, साधारण १ कोटी ९० लाख, मग कॅन्सर १ कोटी, श्वासाचे आजार ४० लाख, आणि डायबेटीस, त्यातून होणारा किडनीचा आजार धरून, २० लाखांच्या वर.

मला स्वतःला यातला एक आकडा सगळ्यात जास्त टोचतो. यातली १ कोटी ८० लाख माणसं सत्तरीच्या आत गेली. म्हणजे कुणाची मुलं अजून शिकत होती, कुणाचं कर्ज फिटायचं होतं.

पण हे श्रीमंत देशांचे आणि म्हातारपणाचे आजार ना?

नाही, आणि हा गैरसमज फार जुना आहे. सत्तरीच्या आतले जे मृत्यू सांगितले त्यातले ८२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. तिथे आजार उशिरा कळतो, औषध सलग मिळत नाही, आणि कमावतं माणूस पडलं की अख्खं घर कर्जात जातं. आजार कुणालाही होतो पण त्यातून सावरायला लागणारी ताकद सगळ्यांकडे सारखी नसते, हा खरा फरक आहे.

मला काहीच त्रास होत नाही. मग तपासणी कशाला करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या मोठ्या भावाला पेपर वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली, त्याला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब टाकून आत पडदा बघितला, बराच वेळ बघितला, आणि नंबर सांगायच्या आधी विचारलं, बीपी कधी मोजलंय? तो म्हणाला, कधीच नाही, मला काही त्रासच नाही. मोजलं तर वरचा आकडा १९० च्या पुढे. डोळ्याच्या मागच्या बारीक रक्तवाहिन्यांवर किती वर्षांचा ताण दिसत होता, आणि त्याचं डोकंसुद्धा कधी दुखलं नव्हतं. ४६ वर्षांचा होता तेव्हा.

बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, चेहरा लाल होतो असं आपण समजून चालतो, आणि तसं काही होत नाही म्हणून निश्चिंत राहतो. बहुतेकांना काहीच होत नाही. टाइप टू शुगरचंही तेच, तहान लागणं, सारखं लघवीला जाणं हे बऱ्याचदा शुगर खूप वाढल्यावर सुरू होतं, त्याआधी कित्येक वर्षं ती गुपचूप वाढलेली असू शकते. जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १४० कोटी लोकांना हाय बीपी आहे असा २०२४ चा अंदाज आहे आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना ते माहीतच नाही. ज्यांचं बीपी आटोक्यात आहे असे पाचातून जेमतेम एक.

म्हणून त्रास होण्याची वाट बघू नका. त्रास सुरू होतो तेव्हा बऱ्याचदा आत काहीतरी बिघडून झालेलं असतं. बीपी मोजायला दहा मिनिटं लागतात, शुगरला रक्ताचा एक थेंब.

घरी बीपी मोजतो पण दरवेळी वेगळंच येतं, मशीन खराब आहे का?

मशीनपेक्षा मोजायची पद्धत चुकलेली असते, निदान माझा अनुभव तरी तसा. माझी बहीण जिने चढून आली आणि पिशवी खाली ठेवून लगेच पट्टा बांधला, १५८ आलं, ती घाबरली, घाबरून परत मोजलं तर अजून वर. मग तिला शांत बसवलं, दहा मिनिटांनी १३२.

पद्धत अशी. मोजायच्या आधी अर्धा तास चहा कॉफी नाही, सिगारेट नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय टाकायचा नाही, आणि पाच मिनिटं नुसतं बसा. हात टेबलावर टेकलेला आणि पट्टा हृदयाच्या उंचीला. पट्टा शर्टाच्या बाहीवर बांधू नका, उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर. मोजताना बोलू नका, कोणी काही विचारलं तरी नंतर सांगतो म्हणा. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त येतं.

एका आकड्यावर घाबरायचं नाही आणि एका आकड्यावर खूशही व्हायचं नाही. सकाळ संध्याकाळ असं सात दिवस लिहा आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यात १४०/९० ही रेषा साधारण धरतात, घरी मोजलेलं सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर दाखवून घ्या. फक्त वरचा आकडा १८० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं असं काही असेल तर सात दिवसांचा कागद वगैरे विसरा, सरळ इमर्जन्सीत जा.

डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरवर आहे. म्हणजे अजून काही झालं नाही ना?

झालं नाही, पण दार वाजतंय. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट ६.५ टक्के किंवा वर गेली की डायबेटीस म्हणतात, ५.७ ते ६.४ म्हणजे तुम्ही ज्याला बॉर्डर म्हणता ते. आणि मी तर म्हणेन की सगळ्यात चांगल्या वेळी कळलेली बातमी आहे ही. अमेरिकेत अशाच बॉर्डरवरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला. एका गटाने वजन साधारण ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं असं ठरवलं होतं, त्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. फिनलंडमध्ये झालेल्या अशाच अभ्यासातही ५८ टक्केच आले होते.

७ टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाने साडेपाच किलो. बारीक व्हायचं नाहीये, साडेपाच किलो फक्त.

आमच्या घराण्यातच आहे, मग काळजी घेऊन काय होणार?

घराण्यात आहे म्हणूनच लवकर मोजायचं, आणि आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर डॉक्टरांना ते वय सांगायचं, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो. घराण्याकडून धोका येतो, आजार ठरून येत नाही. शिवाय एकाच घरात राहणारे लोक नुसतं रक्त नाही तर ताट, झोप आणि सवयीही वाटून घेतात, आणि त्या बदलता येतात.

इतकी वर्षं सिगारेट ओढली, आता सोडून काय उपयोग?

प्रचंड उपयोग. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, आणि त्या कामात आकडे जुळताना बघून डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडली. १९५१ पासून त्यांनी हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी लिहून घेतल्या आणि पन्नास वर्षं त्या लोकांचा माग ठेवला. २००४ मध्ये आलेला निष्कर्ष असा की सिगारेट ओढत राहणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी झालं, पण ज्यांनी साठीला सोडली त्यांना त्यातली सुमारे ३ वर्षं परत मिळाली, पन्नाशीला सोडली त्यांना ६, चाळिशीला ९, आणि तिशीला सोडली त्यांना जवळपास सगळी दहा.

साठीला सोडून ३ वर्षं. हे कोणी कमी म्हणू नये. हृदयाच्या बाबतीत तर एका वर्षातच जास्तीचा धोका साधारण निम्म्यावर येतो.

आणि एकदा सोडून परत सुरू झाली तर स्वतःला नालायक ठरवू नका. निकोटिनची पकड खरी आहे, बऱ्याच जणांना अनेकदा प्रयत्न करावा लागतो. च्युइंगम, पॅच, गोळ्या, समुपदेशन यांची मदत घेतली तर सुटण्याची शक्यता वाढते, नुसत्या मनाच्या जोरावर सोडायची असा काही नियम नाही.

मी दिवसाला एकच ओढतो, तेवढं चालतं ना?

नाही चालत. हृदयाच्या बाबतीत हिशोब सरळ नाही, रोज वीस ओढणाऱ्याला जो जास्तीचा धोका असतो त्याच्या जवळपास निम्मा धोका रोज एक ओढणाऱ्यालाही असतो, विसावा हिस्सा नाही. चघळायच्या तंबाखूला धूर नसतो म्हणून ती बरी असंही नाही, तोंडाचा कॅन्सर तिथूनच येतो.

मीठ किती खायचं? मी तर वरून घेतच नाही.

मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचाही नाही, आणि त्यात सगळं धरून. जगाची सरासरी जवळपास ११ ग्रॅम आहे. वरून न घेतलेलं चांगलंच पण ब्रेड, चीज, सॉस, चिप्स, इन्स्टंट नूडल्स, तयार सूप यांतून नकळत जातं ते मोजायला हवं, पाकिटाच्या मागे सोडियम लिहिलेलं असतं तिथे बघा, दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियमची आहे. एकदा मी घरातली सगळी पाकिटं टेबलावर मांडून मागची बारीक अक्षरं वाचत बसलो होतो, जे गोड म्हणून आणलेलं त्यातही सोडियम बरंच होतं.

चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ, अर्ध्यांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. दुसऱ्या गटात स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले, नुसतं मीठ बदलून. पण किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील तर असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

व्यायामाला वेळच नाही, जिम परवडत नाही. काय करू?

मला यावर लंडनच्या बसचा अभ्यास सांगायला फार आवडतो. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये तो छापला. डबलडेकर बस, एकाच बसवर दोन माणसं, दोघं साधारण सारख्याच घरातून आलेले, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना वर खाली, रोजच्या कामात पाचशेच्या वर पायऱ्या. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला. त्यातल्या कोणी जिम बघितली नव्हती, त्यांच्या कामातच पायऱ्या होत्या.

मोठ्या माणसांसाठी सांगितलेलं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. १५० ला सात दिवसांनी भागलं तर रोजची बावीस मिनिटं होतात. एकदम नाही जमली तर पाच पाच मिनिटं करा, तीही धरली जातात. जगातल्या ३१ टक्के मोठ्या माणसांना २०२२ मध्ये एवढंही जमत नव्हतं, त्यामुळे तुम्ही एकटे मागे पडलाय असं वाटून घेऊ नका, आज दहा मिनिटांपासून सुरू करा.

दारू थोडी हृदयाला चांगली असते ना?

असं पूर्वी खूप ऐकलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. ती निदान सात प्रकारच्या कॅन्सरशी जोडलेली आहे, त्यात स्तनाचा कॅन्सरही येतो. पीत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका.

कॅन्सर टाळता येतो का? तो तर नशिबाचा भाग आहे.

सगळा नाही, पण साधारण ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. तंबाखू यात सगळ्यात पुढे आहे. आणि काही कॅन्सरवर चक्क लस आहे, ही गोष्ट लोकांना अजून माहीत नसते याचं मला वाईट वाटतं. हिपॅटायटिस बीची लस, जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस, ती पुढे लिव्हरच्या कॅन्सरपासून वाचवते. एचपीव्ही या विषाणूवरची लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून. २०२२ मध्ये या एका कॅन्सरने जगात साडेतीन लाख बायका गेल्या. २०३० पर्यंतचं जागतिक लक्ष्य असं ठेवलंय की ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत दुसऱ्यांदा चांगली तपासणी, आणि ज्यांना आजार सापडला त्यांच्यातल्या ९० टक्के जणींना उपचार.

लस घेतली तरी तपासणी सोडायची नाही, कारण लस एचपीव्हीच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

मी सिगारेट ओढत नाही तरी फुफ्फुसं खराब, असं कसं?

हवा. बाहेरचं प्रदूषण आणि घरात लाकूड, कोळसा, शेण जाळून होणारा धूर मिळून वर्षाला सुमारे ७० लाख मृत्यू होतात असा अंदाज आहे, आणि ते नुसते फुफ्फुसाचे नाहीत, बारीक कण रक्तात उतरतात म्हणून हार्ट अटॅक आणि स्ट्रोकही त्यात येतात. चुलीपुढे तासन् तास बसणाऱ्या बाईला जुना खोकला असेल तर तो वयाचा म्हणून सोडून देऊ नका, फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री नावाची सोपी टेस्ट असते, ती करून घ्या.

म्हणजे सगळं आपल्याच हातात आहे? आजार झाला तर आपलीच चूक?

नाही, हे मला मनापासून सांगायचंय. आजारी माणसाला तूच खाल्लंस, तूच ओढलंस असं म्हणणं बंद करा. माणूस जिथे राहतो तिथे जे स्वस्त आणि समोर असतं तेच खातो.

फिनलंडमध्ये नॉर्थ करेलिया नावाचा भाग आहे, तिथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भर कामाच्या वयातले पुरुष हार्ट अटॅकने पटापट जात होते. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ मध्ये काम सुरू झालं, प्रमुख होते पेक्का पुस्का, तेव्हा वय विशीतच. त्यांनी नुसती भाषणं दिली नाहीत, गावातल्या बायकांच्या संघटनेला सोबत घेऊन कमी चरबीचा स्वयंपाक करून दाखवला, दुकानदार आणि कारखान्यांशी बोलून मीठ आणि चरबी कमी करायला लावली, दुधाच्या धंद्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीच्या शेतीकडे वळायला मदत केली. पुढच्या काही दशकांत तिथल्या कामाच्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. माणसं तीच होती, त्यांच्याभोवतीचं जग बदललं.

कायद्यानेही फरक पडतो. डेन्मार्कने २००३ मध्ये ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर, मर्यादा घातली, आयर्लंडने २००४ मध्ये कामाच्या ठिकाणी आणि पबमध्ये सिगारेट बंद केली, ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सिगारेटची पाकिटं साधी आणि एकसारखी केली, मेक्सिकोने २०१४ पासून साखरेच्या पेयांवर कर लावला, चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले, अगदी लहान मुलांनाही कळतील असे. तुमच्याकडे असं काही आलं तर त्याला पाठिंबा द्या.

जागतिक दिवस पाळून काही होतं का?

फोटो काढून संपला तर नाही होत. पण १७ मेचा हायपरटेन्शन दिवस, ३१ मेचा तंबाखूविरोधी दिवस, २९ सप्टेंबरचा हृदय दिवस, १४ नोव्हेंबरचा डायबेटीस दिवस यांना बऱ्याच ठिकाणी मोफत तपासणी असते, तेवढं तरी साधून घ्या. १४ नोव्हेंबर हा फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला त्यात ते होते. त्याआधी टाइप वन डायबेटीस झालेली, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही अशी मुलं फार दिवस जगत नसत.

बीपीची गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, म्हणून घेत नाही.

गोळीची सवय लागत नाही. बीपी राहतं म्हणून गोळी राहते. काहींचा डोस वजन आणि मीठ कमी झाल्यावर डॉक्टर कमीही करतात. माझ्या भावानेही बरं वाटतंय म्हणून मध्येच स्वतःहून बंद केली होती, तीन आठवड्यांत आकडा होता तिथे परत. आता त्याने गोळ्यांची डबी टूथब्रशजवळ ठेवलीय, तेव्हापासून विसरत नाही.

घरातलं माणूस तपासणीला तयारच होत नाही, कसं समजवायचं?

धाक दाखवून नाही जमत, मी करून पाहिलंय. सोबत जा, आधी स्वतःचं मोजून घ्या आणि मग हात पुढे करायला सांगा. भाषण देण्यापेक्षा हे जास्त चालतं.

कुठल्या वेळी अजिबात थांबायचं नाही?

छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते हात, जबडा, पाठीकडे जाणं, गार घाम, धाप. बायकांमध्ये कधी नुसती मळमळ, थकवा आणि पाठदुखी असते, त्याला ॲसिडिटी समजून वेळ घालवू नका. स्ट्रोकसाठी तीन गोष्टी बघा: हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला ओघळतं का, दोन्ही हात वर केले तर एक खाली येतो का, साधं वाक्य बोलताना जीभ अडखळते का. यातलं एक जरी दिसलं तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, पाच मिनिटांत बरं वाटलं तरीही. त्या माणसाला खायला प्यायला काही देऊ नका. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून तो माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या, हॉस्पिटलच्या दारात पहिल्यांदा तेच विचारतात.